उसाचं टनेज सांगणारा आज्जा ‘गेसर’ होतो का?

निपाणीकडच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या मुलीनं इंग्रजी निबंधात ‘माय ग्रँडफादर इज अ गुड गेसर’ असं लिहिलं. बाईंनी ‘गेसर’भोवती लाल गोल काढला, असा शब्दच नाही म्हणाल्या. आज्जा उभ्या उसाकडं बघून एकरी किती टन निघेल ते सांगतो, एवढंच पोरीला सांगायचं होतं. तर हा शब्द आहे का, आणि इथं चालतो का?

शब्द आहे, चांगला जुना आहे आणि कुठल्याही बऱ्या इंग्रजी कोशात सापडतो. ‘रीड’चा रीडर होतो तसा ‘गेस’चा गेसर. वाक्यही अस्सल इंग्रजी वळणाचं आहे. आपण ‘ती बरोबर ओळखते’ असं क्रियापदावर काम भागवतो. इंग्रजीत तिथं माणसालाच नाम चिकटवतात आणि त्याच्या आधी गुड, बॅड, लकी असं काहीतरी लावतात. नुसतं ‘ही इज अ गेसर’ मात्र अर्धवट वाटतं. ऐकणारा थांबतो, पुढं काय म्हणून.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एवढं सरळ नाही, कारण आपला ‘अंदाज’ फार ऐसपैस शब्द आहे. हवामानाचा अंदाज, सरकारचं अंदाजपत्रक, ‘अंदाजानं मीठ घाल’, आणि ‘अंदाजपंचे दाहोदरसे’सुद्धा. (हे शेवटचं पाढ्यातलं. बावीस पंचे दाहोदरसे म्हणजे एकशेदहा. बावीसच्या जागी अंदाज बसवला आणि उत्तर तेच ठेवलं! पाढे पाठ करणाऱ्या पिढीचा खट्याळपणा.) शेजारी कन्नडमध्येही ‘अंदाजु’ आहेच, त्यामुळं आपल्या भागात हा शब्द दोन्हीकडून कानावर पडतो. इंग्रजीत मात्र या पसाऱ्याच्या वाटण्या झाल्यात. हाताशी फारसं काही नसताना सांगितलं तर गेस, मोजमापाचा आधार घेऊन सांगितलं तर एस्टिमेट, पुढं काय होईल ते सांगितलं तर फोरकास्ट.

हा फरक आपण रोज पाळतो, फक्त लक्षात येत नाही. घर बांधायला काढलं की कंत्राटदाराकडून ‘इस्टिमेट’ घेतो, त्याला कुणी ‘गेस’ म्हणत नाही. आणि एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या परीक्षेआधी बाजारात येतात ते ‘गेस पेपर’. त्यांना इस्टिमेट पेपर म्हणून बघा, पोरं हसतील.

आता आज्जा. तो फडाच्या कडेनं नुसता चालत जात नाही. लागण (नवी लावलेली) आहे की खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून परत फुटलेला) ते विचारतो, एका बेटात ऊस किती ते बघतो, पेरं लांब की आखूड, मधल्या सऱ्या विरळ आहेत का म्हणून आत शिरतो, आणि मग म्हणतो, ‘अडतीस-चाळीस बसंल की.’ माझ्या मते हे गेसिंग नव्हे. इंग्रजीत यासाठी ‘जज’ हे क्रियापद नेमकं आहे: ‘ही कॅन जज द यील्ड जस्ट बाय लुकिंग अॅट द क्रॉप.’ ‘एस्टिमेटर’ लिहू नये. तो बांधकामाच्या कंपनीतला हुद्दा वाटतो.

तरी पोरीचं वाक्य मी खोडणार नाही, कारण पैज किंवा खेळ असला की इंग्रजीत जाणकारही गेसरच ठरतो. 1906 साली इंग्लंडात प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाचं वजन ओळखायची स्पर्धा झाली. कापून साफ केल्यावर किती भरेल ते सांगायचं. भाग घेणाऱ्यांत खाटीक होते, शेतकरी होते, आणि ज्यांना त्यातलं काही कळत नव्हतं असेही होते. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संख्याशास्त्रज्ञानं 787 चिठ्ठ्या तपासल्या. सगळे आकडे चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध 1207 पौंड आला. खरं वजन 1198 पौंड. असल्या स्पर्धेला इंग्रजीत आजही ‘गेस द वेट’च म्हणतात, सांगणारा कितीही मुरलेला असो. मूकाभिनयाच्या खेळातही ओळखणाऱ्याला गेसरच म्हणतात. तेव्हा आज्जा पैजेवर टनेज सांगत असेल तर ‘गुड गेसर’ खुशाल चालेल.

‘ब्लाइंड गेसर’ म्हणजे प्रश्न न वाचताच तुक्का मारणारा. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवणाऱ्याला सरासरीनं प्रश्नामागं पाव गुण पडतो. एवढ्यानं काही भागत नाही.

‘सेकंड-गेसर’नं मात्र फसू नका. दुसऱ्यांदा ओळखणारा असा त्याचा अर्थ नाही. हा अमेरिकन बेसबॉलमधला शब्द: सामना संपल्यावर, निकाल समोर असताना ‘त्यानं असं खेळायला हवं होतं’ म्हणणारा. असले लोक आपल्याकडं क्रिकेटच्या मॅचनंतर प्रत्येक कट्ट्यावर भेटतात.

उच्चाराचं थोडक्यात. ‘गेसर’, त्यात स, झ नाही. स्पेलिंगमधला यू बोलायचा नाही, पण लिहायचा नक्की, आणि एस दोन. न्हाणीघरातला गिझर वेगळा. त्याचं नाव आइसलँडमधल्या गेसिर नावाच्या गरम पाण्याच्या झऱ्यावरून आलंय. त्यात यू नाही, वाय आहे, आणि एस एकच.