सूप भाज्यांचं, पण पाणी कशाचं?

बाहेर जेवताना शाकाहारी आणि व्हेगन (दूध-अंडीही न खाणाऱ्या) मंडळींची अडचण होते, त्याबद्दल आलेले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न: मेन्यूत टोमॅटो सूप होतं. ‘हे शाकाहारी आहे ना?’ असं विचारल्यावर वेटर हो म्हणाला. अर्धं संपल्यावर कळलं, की ते चिकन स्टॉकमध्ये, म्हणजे कोंबडीची हाडं उकळलेल्या पाण्यात केलेलं आहे. विचारायचं तरी कसं?

‘शाकाहारी आहे ना?’ याचं उत्तर वेटर वाडग्याकडे पाहून देतो. मांसाचा तुकडा दिसत नाही, म्हणून तो हो म्हणतो. तो खोटं बोलत नसतो, त्याला स्टॉक आठवतच नाही. म्हणून हो-नाहीत उरकता येणार नाही असं विचारा: ‘सूप कशात उकळलंय? साध्या पाण्यात, भाज्यांच्या स्टॉकमध्ये की हाडांच्या?’ मग त्याला आत जाऊन विचारावंच लागतं.

पुढचा प्रश्न याहून महत्त्वाचा: हे आधी करून ठेवलंय की ऑर्डरनंतर होतं? स्टॉक, सूप, ग्रेव्ही, करीची पेस्ट, मुरवलेले पदार्थ हे सगळं जेवणाच्या वेळेआधीच मोठ्या पातेल्यात तयार असतं. त्यातून काही ‘काढून’ देता येत नाही, आणि कोणी ‘काढून देतो’ म्हणालं तर फक्त वरचे तुकडे वेचले जातात. याउलट चीज, बेकनचा चुरा, ऑयस्टर (कालवांचा) सॉस, लोणी, ड्रेसिंग हे शेवटच्या काही मिनिटांत पडतं. ते सहज टाळता येतं.

रिसोटो या इटालियन भातात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. तांदूळ शिजताना त्यात गरम स्टॉक पळी-पळीने घालतात, म्हणजे पहिल्यापासून केला तर भाज्यांचा स्टॉक वापरता येतो. पण बऱ्याच हॉटेलांत गर्दीच्या वेळेसाठी भात अर्धा शिजवून, ट्रेमध्ये पसरून गार करून ठेवतात. अशा वेळी कोंबडीचा स्टॉक दाण्यात आधीच मुरलेला असतो. तेव्हा रिसोटो मागवताना ‘भात आधी शिजवलेला आहे का?’ एवढं विचारलं तरी पुरे.

नावावरून निरुपद्रवी वाटणारे आणखी काही: फ्रेंच अनियन सूप परंपरेने गोमांसाच्या स्टॉकमध्ये होतं. मेक्सिकन पद्धतीचे घोटलेले बीन्स अनेकदा डुकराच्या चरबीत परततात. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये आणि वूस्टरशायर सॉसमध्ये अँचोव्ही मासा असतो. पान्ना कोट्टा हा क्रीमचा गोड पदार्थ जिलेटिनने घट्ट होतो आणि मूस या गोड पदार्थातही ते असू शकतं. जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढतात.

प्रश्न: थायलंड आणि जपानला जाणार आहोत. अंडंही खात नाही. काय मागवावं?

थायलंडमध्ये एक शब्द पाठ करा: ‘जे’. याचा अर्थ मांस, मासे, अंडी, दूध यातलं काहीही नाही. ही बौद्ध परंपरेतली पद्धत असल्याने कांदा-लसूणही नसतो. अशा ठिकाणी पिवळ्या पाटीवर हे अक्षर लाल रंगात लिहिलेलं असतं. ‘मांगसावीरत’ म्हणजे नुसतं शाकाहारी, त्यात अंडं असू शकतं. साध्या हॉटेलात मात्र भाजीच्या डिशमध्येही फिश सॉस गृहीतच धरलेला असतो. ‘माय साय नाम प्ला’ म्हणजे फिश सॉस घालू नका. परतलेल्या भाजीला हे वाक्य लागू पडतं (ऑयस्टर सॉसचं वेगळं सांगा), लाल किंवा हिरव्या करीला नाही, कारण तिच्या पेस्टमध्ये सहसा कोळंबीची पेस्ट आधीच वाटलेली असते. कच्च्या पपईचं सोम ताम समोर कुटून देतात. त्यातून फिश सॉस आणि सुकी कोळंबी वगळता येते, फक्त खलबत्ता आधीच्या ऑर्डरचा असतो. तो धुवून घ्यायला सांगा.

जपानमध्ये अडचण दाशीची. सुकवलेल्या बोनिटो माशाचा कीस आणि कोम्बू हे समुद्री शेवाळ यांचा हा अर्क मिसो सूप, सोबा-उदोन नूडल्सचा रस्सा, तेम्पुरा या भज्यांबरोबरचा सॉस, शिजवलेल्या भाज्या अशा सगळ्यांत असतो. वरून टोफूवरही तोच कीस भुरभुरतात. काकडीचा कप्पा माकी रोल आणि मीठ लावलेल्या सोयाबीनच्या शेंगा त्यातल्या त्यात बऱ्या. इनारी सुशीला मात्र फसू नका, तिच्या टोफूच्या पिशव्या बहुतेक दाशीत शिजवतात. खरं सुख आहे शोजिन र्‍योरीत, म्हणजे बौद्ध मठांच्या स्वयंपाकात. तिथे दाशी कोम्बू आणि शिताके मशरूमची असते. क्योतो आणि कोयासानला हे जेवण मिळतं, पण आधी आरक्षण करा.

प्रश्न: व्हेगन झाल्यापासून वेटरना समजावून थकलो. ‘मला ॲलर्जी आहे’ असं सांगितलं तर?

सांगू नका. ॲलर्जी म्हटल्यावर चांगलं किचन कापायची वेगळी फळी, वेगळी सुरी, वेगळा तवा काढतं. ते काम खऱ्या ॲलर्जीवाल्यासाठी राखलेलं बरं. पण ॲलर्जीचा तक्ता जरूर मागा. युरोपीय संघात डिसेंबर 2014 पासून सुट्या, म्हणजे हॉटेलात वाढल्या जाणाऱ्या पदार्थांसाठीही ॲलर्जी होऊ शकणाऱ्या 14 घटकांची माहिती देणं बंधनकारक आहे. त्यातले पाच रकाने तुमच्या कामाचे: दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे आणि शिंपले-माकूळ. पाचही रिकामे असले तर निम्म्याहून जास्त काम झालं. मांस, हाडांचा स्टॉक, चरबी, मध यांना त्या तक्त्यात जागाच नाही, तेवढं तोंडी विचारायचं.

तक्ता नसेल तर सुकवलेला पास्ता मागा. तो बहुधा रवा आणि पाण्याचा असतो, ताज्या पास्त्यात अंडं असण्याची शक्यता दाट. वाफवलेल्या भाज्या नको तितक्या चमकत असतील तर वर लोणी फिरवलंय असं समजा. व्हेगन पॅटी घातलेला बर्गर बटर-अंड्याच्या ब्रिऑश पावात येतो, हे फार वेळा घडतं. आणि कॉफीतला ‘नॉन-डेअरी’ क्रीमर दुधातल्या केसीनपासून केलेला असू शकतो! पिझ्झात मरीनारा मागवा. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, ऑलिव्ह तेल, आणि चीज मुळातच नाही.

प्रश्न: शाकाहाऱ्यांना कोणतं चीज चालत नाही?

पार्मिजानो रेज्जानोला नियमानेच वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करून चीज बनवणारं द्रव्य) लागतं. ग्राना पादानोतही प्राणिज रेनेटच असतं. पेकोरिनो रोमानोला कोकराचं. म्हणजे असं चीज घालून केलेला पारंपरिक पेस्तो सॉसही त्यातच आला. मोझरेला किंवा चेडार मायक्रोबियल, म्हणजे सूक्ष्मजीवांपासून काढलेल्या रेनेटनेही करतात, तेव्हा पाकीट पाहायला मागा.

प्रश्न: बटाट्याचे फ्राइज तरी बिनधास्त खावेत का?

दोन गोष्टी विचारा: तेल वनस्पतीचंच आहे का (काही ठिकाणी गोमांसाची चरबी वापरतात), आणि त्याच फ्रायरमध्ये मासे-चिकन तळतात का. लहान किचनमध्ये बहुधा एकच फ्रायर असतो. हे चालवून घ्यायचं की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

प्रश्न: ऑफिसची मोठी पार्टी आहे, ठरलेला मेन्यू. माझ्या वाट्याला दर वेळी भाजलेली वांगी-झुकिनी येते.

कारण तुम्ही काय खात नाही एवढंच कळवता. एक-दोन दिवस आधी, दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान फोन करा. तेव्हा दुपारचं जेवण उरकलेलं असतं आणि शेफ फोनवर येऊ शकतो. मांस, मासे, स्टॉक, जिलेटिन नको हे सांगाच, पण सोबत ‘बीन्स, मसूर, टोफू, मशरूम आवडतात, अंडी चालतात किंवा नाही’ हेही सांगा. मुख्य डिशमध्ये प्रथिनं हवीत असं स्पष्ट म्हणा. टेबलावर बसल्यावर पुन्हा आठवण द्या. फोन घेणारा आणि वाढणारा वेगळा असतो, निरोप मधेच हरवतो.

प्रश्न: ताटात मांसाचा तुकडा निघाला तर?

खाणं थांबवा, तुकडा ताटातच ठेवा आणि वेटरला दाखवा. ‘हा काढून द्या’ म्हणू नका, नवीन डिश मागा आणि जुनी टेबलावरच राहू द्या. ती आत गेली की तीच पुन्हा सजून येण्याचा धोका असतो. चूक एकाच ताटापुरती आहे की सगळ्या पातेल्याची, हे मात्र विचारून घ्या. पातेल्याची असेल तर नवीन डिश दुसरीच निवडावी लागेल.

प्रश्न: वाइन तर द्राक्षांची, मग व्हेगन लेबल कशाला?

गढूळपणा काढण्यासाठी अंड्याचा बलक नव्हे तर पांढरा भाग, दुधातलं केसीन, जिलेटिन किंवा माशाच्या हवेच्या पिशवीपासून केलेलं आयसिंग्लास वापरतात. नंतर ते गाळून जातं, तरी वापरलेलं असतंच. काही जण बेंटोनाइट मातीने काम भागवतात. वेटरला हे ठाऊक नसतं. बाटली मागून ‘अनफाइन्ड’ (गढूळपणा काढायला काही न घातलेली) किंवा व्हेगन असं लिहिलंय का ते पाहा.