इन्चार्ज सिस्टर कशी आहे यावर नर्सेसना आपली टीम आवडणं अवलंबून असतं का?

तुम्ही विचारलंय की नर्सेसचं टीममध्ये पटतं की नाही हे इन्चार्जवर (म्हणजे वॉर्डच्या मुख्य नर्सवर) असतं की पगार आणि कामाच्या लोडवर. मी पुण्यात एका प्रायव्हेट हॉस्पिटलला ११ वर्षं स्टाफ नर्स आहे, एकाच वॉर्डात तीन इन्चार्ज बघितल्या. स्टाफ जवळपास तोच, पगार तोच, बेड तेच २४.

पहिली एकदम कडक. कामाला वाघ होती हे मान्य, पेशंटची व्हेन (शीर) कुणालाच सापडली नाही की तिलाच बोलवायचो. पण ओव्हरच्या वेळी (ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या नर्सला देतो तेव्हा) वॉर्डातले मामा, मावशी, पेशंटचे नातेवाईक कुणीही समोर असो, धुवून काढायची. आणि ड्युटी लिस्ट आधी लावायचीच नाही, शनिवारी रात्री कळणार की सोमवारपासून नाइट. गंमत म्हणजे आम्ही तिच्यावर कमी आणि एकमेकींवरच जास्त चिडायचो, हिलाच कसा दिवाळीत ऑफ मिळाला, ती संपलेली सलाइन तशीच ठेवून गेली, ही चुगल्या करते वगैरे. माझ्या मते तर निम्म्या मुली कामचोर होत्या.

मग काही महिने एक खूप गोड बाई आल्या, कुणाला नाही म्हणायच्या नाहीत आणि निर्णय पण घ्यायच्या नाहीत. (याला लेसे फेअर लीडरशिप म्हणतात, परीक्षेला पाठ केलं होतं.) खरं सांगू का, हा काळ सगळ्यात वाईट गेला. जिचा आवाज मोठा तिला मॉर्निंग, नवीन जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या पोरींना लागोपाठ नाइट.

तिसरीने जादू वगैरे काही केली नाही. लिस्ट २५ तारखेला लागायची, सणाच्या सुट्ट्या वहीत लिहायची, गणपतीला घरी होती ती दिवाळीला ड्युटीवर. एकदा माझ्याकडून अँटिबायोटिक शेजारच्या बेडला लागता लागता राहिलं, दोघांचं आडनाव एकच. मी स्वतःहून सांगितलं, पहिलीच्या राज्यात मेले असते तरी सांगितलं नसतं. ही ओरडली नाही, कसं झालं ते बसून विचारलं, आणि त्याच दिवसापासून सेम आडनावाच्या फायलींना लाल पट्टी.

लोडचं म्हणाल तर नर्सिंग कौन्सिलच्या हिशोबात सुट्ट्यांसाठी ३० टक्के स्टाफ जास्तीचा धरलेला असतो. आमच्याकडे तो कधीच नव्हता, एकीने रजा घेतली की दुसरीचा ऑफ गेलाच. ते तिसरीलाही बदलता आलं नाही, पगारासाठी दोघी गल्फला गेल्याच. पण जिला मी कामचोर म्हणायचे ना, तिच्याबरोबरच आता मी नाइट मागून घेते.