वाचकांचे प्रश्न : लोटस कॉर्टिनाच्या वेबर कार्ब्युरेटरची जुळणी

प्रश्न : माझ्याकडे १९६० च्या दशकातील फोर्ड लोटस कॉर्टिना असून इंग्लंडमधील जुन्या गाड्यांच्या शर्यतींत मी ती उतरवतो. १५५८ सीसीच्या इंजिनावर वेबरचे दोन ४० डीसीओई कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणारी उपकरणे) आणि ३३ मिमीच्या व्हेंच्युरी (कार्ब्युरेटरमधील हवेची अरुंद वाट) आहेत. मंद वळणातून बाहेर पडताना ३००० आरपीएमच्या आसपास ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन अडखळते आणि कार्ब्युरेटरमधून फट्‌ असा आवाज येतो. पेट्रोल कमी पडत असावे असे समजून मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारी मुख्य तोटी) १३० काढून १५० चे बसवले. अडखळणे तसेच राहिले, उलट वरच्या वेगात प्लग काळे पडू लागले. आता त्याहून मोठे ४५ डीसीओई घ्यावेत का?
— एक वाचक, कव्हेंट्री

उत्तर : मुळीच घेऊ नयेत. मोठा कार्ब्युरेटर आणि मोठी व्हेंच्युरी आली की कमी आरपीएमला हवेचा वेग घटतो, मेन जेटचे काम आणखी उशिरा सुरू होते, आणि आपली अडचण नेमकी तिथेच आहे. ३३ मिमीची व्हेंच्युरी या इंजिनाला शोभणारी आहे; ती तशीच ठेवावी.

कार्ब्युरेटरमधून येणारा तो आवाज मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) असल्याचे सांगतो, हे आपण बरोबर ओळखले. परंतु थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) थोडा उघडलेला असताना पेट्रोल येते ते आयडल जेटमधून (इंजिन मंद चालताना पेट्रोल पुरवणाऱ्या तोटीतून) आणि थ्रॉटलच्या पाकळीजवळच्या बारीक प्रोग्रेशन छिद्रांतून, त्यामुळे तिथे मेन जेट कितीही वाढवला तरी फरक पडत नाही. शिवाय जेटवरचा आकडा हा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांशात सांगतो आणि पेट्रोल वाहते ते क्षेत्रफळाच्या हिशेबाने. १३० वरून १५० म्हणजे क्षेत्रफळात सुमारे एक तृतीयांश वाढ! प्लग काळे पडणारच. व्हेंच्युरीच्या मापाला चाराने गुणावे हा जुना ठोकताळा सुरुवातीसाठी चांगला आहे. त्यानुसार १३० किंवा १३५ वर परत यावे.

मात्र जेटला हात लावण्याआधी कार्ब्युरेटरची बसवणी पाहावी, कारण पुष्कळ वेळा दोष तिथेच सापडतो. या इंजिनावर कार्ब्युरेटर रबरी ओ-रिंगवर तरंगता बसवलेला असतो आणि त्याच्या नटांखाली दुहेरी वेटोळ्यांचे स्प्रिंग वॉशर असतात. वेटोळी एकमेकांना टेकेपर्यंत नट आवळले तर इंजिनाची थरथर थेट फ्लोटच्या कप्प्यात (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठते तिथे) पोचून पेट्रोलला फेस येतो; ढिले राहिले किंवा ओ-रिंग चिरलेली असली तर बाहेरची हवा आत शिरून हुबेहूब आपण लिहिले आहे तशीच लक्षणे दिसतात. वेटोळ्यांत साधारण १ मिमी फट राहावी. त्याबरोबरच पेट्रोलचा दाब ३ पीएसआयच्या आसपास आहे ना, आणि चारही नळ्या सारखीच हवा ओढतात ना, हे मापकाने तपासावे.

एवढे करूनही अडखळणे राहिले, तर ॲक्सिलरेटर एकदा सावकाश आणि एकदा झटक्यात दाबून पाहावे. सावकाश दाबूनही अडखळत असेल तर आयडल जेट एक पायरी मोठा करावा, म्हणजे ४५ एफ-९ असल्यास ५० एफ-९ (आकडा पेट्रोलच्या छिद्राचा, एफ-९ ही हवेच्या छिद्राची खूण). फक्त झटक्यातच अडखळत असेल तर ॲक्सिलरेटर पंपाचा (झटक्यात दाबल्यावर जादा पेट्रोल फवारणाऱ्या पंपाचा) जेट वाढवावा. एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. एअर करेक्टरची (मेन जेटच्या पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या जेटची) पाळी सर्वांत शेवटी येते, कारण त्याचा परिणाम मुख्यतः वरच्या आरपीएमला होतो: मेन जेटच्या आकड्यात ५० मिळवून, म्हणजे १८० पासून सुरुवात करावी आणि ६००० च्या वर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) वाटले तर २०० लावून पाहावा.

प्रश्न : ब्रिटनमध्ये २०२१ पासून पंपावर ई-१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले) पेट्रोल मिळते. त्यासाठी जेट बदलावेत का?

उत्तर : इथेनॉलमुळे मिश्रण सुमारे ४ टक्के लीन होते, तर १३० चा १३५ केल्यास क्षेत्रफळ जवळजवळ ८ टक्के वाढते, म्हणून केवळ त्या कारणाने पूर्ण पायरी चढण्याची गरज नाही. रबरी नळ्या आणि सील मात्र इथेनॉलला टिकणारेच बसवावेत.