चोपडा शहरातल्या बँकेत बचत खातं आहे. मिनिमम बॅलन्सच्या दंडाने ते उणे झालं आणि कापसाचे पैसे येताच बँकेने रक्कम वळती केली. परत मिळेल का?

मागाच, हक्काचे आहेत. राष्ट्रीयीकृत आणि खासगी बँकांना रिझर्व्ह बँकेचा २०१४ चा नियम लागू आहे: निव्वळ या दंडाने बचत खातं उणे करता येत नाही. शिवाय आधी कळवून किमान महिनाभर मुदत द्यावी लागते. हप्ता बाउन्सचा दंड मात्र वेगळा, तो यात धरू नका.

स्टेटमेंट काढा, दंडाच्या आणि त्यावरच्या जीएसटीच्या ओळींवर खूण करा. ‘सूचना कधी पाठवली, तारीख दाखवा’ असं अर्जात लिहा. बहुतेकदा बँकेची गाडी इथेच अडते. दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्याच, नाहीतर अर्ज मिळालाच नाही म्हणतील. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा नकार आला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) सीएमएस या तक्रारींच्या ऑनलाइन पोर्टलवर फुकट तक्रार होते. माहितीसाठी फोन १४४४८.