टूर द फ्रान्सच्या विजेत्याचा वेळ आधी सांगता येतो का?

टूर द फ्रान्स या एकवीस टप्प्यांच्या सायकल शर्यतीत ज्याचा एकूण वेळ सर्वांत कमी तो जिंकतो. विजेत्याचा हा एकूण वेळ शर्यतीपूर्वीच गणिताने काढता येईल का, असे आपण विचारले आहे. एकूण वेळ बऱ्यापैकी काढता येतो. एकेका टप्प्याचा वेळ मात्र वारंवार चुकतो.

2023 मध्ये विजेत्या योनास विंगेगार्डने सुमारे 3,405 किलोमीटर अंतर 82 तास 5 मिनिटे 42 सेकंदांत, म्हणजे ताशी साधारण 41.5 किलोमीटर वेगाने कापले. तोच वेग 2024 च्या सुमारे 3,498 किलोमीटरला लावला तर 84 तास 17 मिनिटे येतात. त्या वर्षीचा विजेता तादेय पोगाचार याला प्रत्यक्षात 83 तास 38 मिनिटे 56 सेकंद लागले. एकवीस टप्प्यांतल्या कमीजास्त चुका एकमेकींना कापतात, म्हणून इतक्या ढोबळ हिशेबातही इथे चूक एक टक्क्याच्या आत राहिली.

घाटाचा हिशेब त्याहून सरळ आहे. आल्प द्युएझचा चढ 13.8 किलोमीटर लांब आणि सरासरी 8.1 टक्क्यांचा, म्हणजे उंची साधारण 1,120 मीटर. अव्वल सायकलपटू तासाला 1,700 मीटर चढतो असे धरले, तर साडेएकोणचाळीस मिनिटे होतात. तिथे वेग कमी असल्याने वाऱ्यापेक्षा वजन आणि पायांतली ताकद अधिक महत्त्वाची ठरते.

सपाट टप्प्यात मात्र सारे वाऱ्यावर येते. आम्ही काही जण रविवारी पहाटे नागपूरहून रामटेकला सायकलने जातो. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतर राखले की कानातला वाऱ्याचा घोंगावणारा आवाज एकदम उतरतो आणि पाय हलके पडतात. जरा मागे पडलो की तोच आवाज परत येतो. माझ्या वहीत या रस्त्याला गटाने पावणेदोन तास आणि एकट्याने सव्वादोन तास अशा नोंदी आहेत. टूरमध्ये तर दीडशेहून अधिक जणांचा घोळका असतो, आणि पुढे निसटलेल्यांना कधी गाठायचे हे संघ आपापल्या सोयीने ठरवतात. घोळका सगळी ताकद लावतच नाही, तर ताकदीवरून वेळ कसा निघणार? आयोजकसुद्धा वेळापत्रकात प्रत्येक टप्प्यासाठी संथ, मध्यम आणि जलद अशा तीन वेगांच्या वेळा देतात.

खरी कसोटी पहिल्या दोघांमधल्या वेळेच्या अंतराची आहे. 1989 मध्ये 87 तासांहून अधिक चाललेली शर्यत ग्रेग लेमाँडने लोराँ फिन्याँवर अवघ्या 8 सेकंदांनी जिंकली, शेवटच्या 24.5 किलोमीटरच्या टाइम ट्रायलपूर्वी, म्हणजे प्रत्येकाने एकट्याने घड्याळाविरुद्ध धावायच्या टप्प्यापूर्वी, लेमाँड 50 सेकंदांनी मागे होता. म्हणून आपण हिशेबाची सुरुवात टाइम ट्रायल आणि घाटांच्या टप्प्यांपासून करावी. सपाट टप्प्यांत एकत्र पोहोचलेल्या घोळक्याला बहुधा एकच वेळ मिळतो, त्यामुळे तिथे अंतर शोधण्यात वेळ घालवू नये.