ठेव मोडायची, पण स्क्रूसाठी नाही

तुम्ही लिहिलंय की 38 वर्षांचा भाऊ शिडीवरून पडला, कमरेचा एल-1 मणका फुटला, नसा मात्र शाबूत आहेत. मणका स्थिर ठेवायला एक सर्जन उघड्या शस्त्रक्रियेतून मोनोअ‍ॅक्सियल स्क्रू टाकणार, दुसरे छोट्या छेदांतून पॉलिअ‍ॅक्सियल. दुसरा खर्च विम्याच्या मर्यादेबाहेर जातो, तर मुदत ठेव मोडावी का?

निव्वळ स्क्रूसाठी मोडू नका. इथे महाग म्हणजे सरस असं गणित बसत नाही. मोनोअ‍ॅक्सियलचं डोकं घट्ट असतं, हलत नाही. रॉड, म्हणजे स्क्रूंना जोडणारी सळई, बसवताना सर्जनला जास्त नेम धरावा लागतो, पण पुढे झुकलेला मणका सरळ करताना पकड चांगली मिळते. पॉलिअ‍ॅक्सियलचं डोकं सगळीकडे फिरतं, रॉड पटकन बसतो. मात्र जास्त भार आला तर सरकण्याची शक्यता त्याच फिरत्या जोडात असते. म्हणून फ्रॅक्चरमध्ये कित्येक सर्जन मोनोअ‍ॅक्सियलच पसंत करतात. एकाच दिशेत हलणारा युनिप्लेनर हा मधला मार्ग. निवड सर्जनचीच, तुम्ही फक्त कारण विचारा.

छोट्या छेदांची गोष्ट वेगळी. त्यात रक्त कमी जातं, पाठीचे स्नायू कमी दुखावतात, आणि त्यासाठी थोडे पैसे मोजायला माझी हरकत नाही. तेव्हा दोन्हीकडून फोड करून अंदाजपत्रक मागा: स्क्रू किती आणि नगाला काय दर, रॉड, शस्त्रक्रियेचं शुल्क, खोली. फुटलेल्या मणक्यातही स्क्रू घालायचे ठरले तर चाराचे सहा होतात. सिमेंट भरायचे स्क्रू लिहिले असतील तर जरूर विचारा. ते प्रामुख्याने ठिसूळ हाडांसाठी असतात, शिवाय पुढे काढायला अवघड.

हो, काढायला. तरुण रुग्णात हाड जुळल्यावर, साधारण वर्षभरानं, स्क्रू काढण्याचा सल्ला बरेचदा मिळतो. म्हणजे दुसरी शस्त्रक्रिया, दुसरं बिल. विमा ते देणार का आणि इम्प्लांटला (शरीरात बसवलेल्या स्क्रू-रॉडला) वेगळी मर्यादा आहे का, हे कंपनीकडून लेखी घ्या. ठेव राखायची ती यासाठी आणि भावाच्या बुडणाऱ्या पगारासाठी. छोट्या छेदांसाठी रक्कम कमी पडलीच, तर तेवढ्यापुरतं ठेवीवर कर्ज मिळतं का ते पाहा.

आणि पायातली ताकद कमी झाली किंवा लघवी अडली, तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच तासाला सर्जनना कळवा. तेव्हा लागेल ती ठेव मोडा.