दहा किलोमीटरची वेळ मॅरेथॉनशी कशी ताडून पाहावी?

प्रश्न : मी ४१ वर्षांचा असून कोथरूडला राहतो. गेल्या हिवाळ्यात मी दहा किलोमीटर ५० मिनिटांत, हाफ मॅरेथॉन (२१.१ किलोमीटर) १ तास ५४ मिनिटांत आणि पूर्ण मॅरेथॉन (४२.२ किलोमीटर) ४ तास २८ मिनिटांत धावलो. गटातल्या एका ज्येष्ठ धावपटूंच्या मते माझा पिंड छोट्या पल्ल्याचा आहे, तेव्हा मी मॅरेथॉनचा नाद सोडावा. हे कितपत खरे मानावे?

उत्तर : अंतर वाढले की वेग मंदावतो, हे तर कोणालाही ठाऊक असते, किती मंदावणे स्वाभाविक, एवढाच खरा प्रश्न आहे. त्यासाठी अमेरिकी अभियंते पीट रीगल यांनी १९७७ मध्ये मांडलेले सूत्र आजही वापरले जाते. त्यानुसार अंतर दुप्पट झाले, तर वेळ दुप्पट न होता सुमारे २.०८५ पट होते, म्हणजे प्रत्येक दुपटीला किलोमीटरमागे सव्वाचार टक्के वेळ जास्त लागते. तुमच्या ५० मिनिटांवरून हाफ मॅरेथॉनला १ तास ५० मिनिटे आणि मॅरेथॉनला ३ तास ५० मिनिटे असा अंदाज निघतो. प्रत्यक्षात तुम्ही पहिल्या ठिकाणी चार मिनिटे मागे पडलात आणि दुसऱ्या ठिकाणी तब्बल अडतीस.

ही दरी कोठे पडली, हे पाहिले की त्या ज्येष्ठांचे निदान मला पटत नाही. पिंडच छोट्या पल्ल्याचा असता, तर घसरण हाफ मॅरेथॉनमध्येच ठळकपणे दिसली असती आणि पुढेही त्याच प्रमाणात वाढत गेली असती. तुमची वेळ मात्र हाफपासून पूर्ण मॅरेथॉनपर्यंत २.३५ पट झाली आहे. एवढी मोठी उडी सहसा तयारीतली उणीव दाखवते. साठ-पासष्ट किलो वजनाच्या माणसाला मॅरेथॉनसाठी अडीच हजारांच्या आसपास कॅलरी लागतात आणि स्नायू व यकृत यांतील ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा साधारण दोन हजार कॅलरींचा असतो, त्यामुळे वाटेत काही न खाता सुरुवातीला जोर लावणाऱ्याचे पाय तिसाव्या किलोमीटरनंतर जड होतात. पहिले २१ किलोमीटर किती वेळात गाठले, हे तुम्ही कळवलेले नाही. ते दोन तासांच्या आत असतील, तर दोष बराचसा तिथेच आहे. लांब पल्ल्याचा साप्ताहिक सराव २० किलोमीटरवर थांबत असेल, तर तो आधी हळूहळू तिसापर्यंत न्यावा.

दोन खबरदारीच्या गोष्टी. रीगल यांनी आपले सूत्र साडेतीन ते २३० मिनिटांच्या शर्यतींपुरतेच लागू मानले होते, आणि तुमचा अंदाज नेमका त्या सीमेवर येतो. शिवाय दहा किलोमीटर पुण्याच्या पहाटेच्या गारव्यात आणि मॅरेथॉन मुंबईच्या दमट हवेत धावला असाल, तर तुलना सरळ राहत नाही. (पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या चढउतारांवरची आणि केवळ मनगटी घड्याळाने मोजलेली वेळ मी हिशेबातच धरत नाही.)

सूत्र म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, हे बीड जिल्ह्यातील धावपटू अविनाश साबळे यांच्या आकड्यांवरून कळते. ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे ओलांडत धावण्याची शर्यत, हा त्यांचा मुख्य प्रकार. २०२३ मध्ये ते ५००० मीटर १३ मिनिटे १९.३० सेकंदांत धावले; त्यावरून हाफ मॅरेथॉनला सुमारे ६१ मिनिटे १५ सेकंदांचा अंदाज निघतो. पण २०२० मध्येच दिल्लीत त्यांनी ते अंतर ६० मिनिटे ३० सेकंदांत पार केले होते.

प्रश्न : माझी मुलगी शाळेत ४०० मीटर ७० सेकंदांत धावते. त्यावरून तिची पाच किलोमीटरची वेळ काढता येईल का? (हडपसर)

उत्तर : नाही. ७० सेकंदांच्या धावेत बरीचशी ऊर्जा प्राणवायूच्या मदतीवाचून मिळते, तर पाच किलोमीटरमध्ये जवळपास सगळा भार प्राणवायूवर असतो. त्यामुळे एकीवरून दुसरीचा अंदाज बांधणे फसवे ठरते. तिला ट्रॅकवर १५०० मीटर, म्हणजे पावणेचार फेऱ्या, एकदा मनापासून धावू द्या आणि ती वेळ कळवा.